वासावर जाऊ नये

सोलापुरात अन्न नासतं ते सांगून-सवरून. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ला टेकला की सकाळी केलेली आमटी चारच्या चहापर्यंत फेस धरते. वरणाला तार सुटते, भात बोटाला गिळगिळीत लागतो, दूध तापवायला ठेवलं की फाटून चोथा एकीकडं आणि पाणी एकीकडं. घरातली बाई झाकण उचलते, नाक पुढं करते आणि निकाल देते. त्यावर अपील नसतं.

आमच्या स्वयंपाकाला वळणच या उन्हानं लावलंय. कडक भाकरीचं आता फार कौतुक होतं, पाहुणे पाकिटं बांधून पुण्या-मुंबईला नेतात, पण मुळात तो भाकरीतला ओलावा घालवण्याचा उद्योग. ज्वारीची पातळ भाकरी मंद आचेवर पार कुरकुरीत होईस्तोवर वाळवायची. शेंगाची चटणीही त्याच वाटेनं जाते. भाजलेले दाणे, लसूण, लाल तिखट, मीठ, जिरं. उखळात तेल सुटेस्तोवर कुटायचं आणि पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. जंतूंना वाढायला पाणी लागतं, ते इथं मिळत नाही. शेतावर, यात्रेला गेलेला माणूस या दोन गोष्टींवर आठवडा काढायचा आणि त्याला काही होत नसे. बाकी जे ओलं, ते ताजं खायचं नाहीतर पुन्हा पुन्हा उकळायचं. दूध सकाळ-संध्याकाळ, आमटी दर जेवणाला.

माझी सगळी नोकरी जिल्ह्यातल्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेत गेली, आणि तिथं तरी वेगळं काय होतं? पहाटे दुधाचे कॅन डॉकवर उतरायचे. झाकण ठोकून सैल करायचं, उलटं करून नाकाशी धरायचं, की पुढचा कॅन. झाकणाखाली वाटेतली सगळी हवा कोंडलेली असते. दूध काय अवस्थेत आहे ते तिच्यावरून आधी कळतं. शंका आली तर सी.ओ.बी. म्हणजे परीक्षानळीत पाच मिली दूध घेऊन पाच मिनिटं उकळत्या पाण्यात धरायचं. कणी धरली तर कॅन परत. मग निळ्या रंगाची एमबीआरटी. दहा मिली दुधात एक मिली मेथिलीन ब्लू घालून नळी ३७ अंशांच्या पाण्यात ठेवायची आणि घड्याळ लावून बसायचं. जंतू जितके जास्त तितका निळा रंग लवकर उडतो. पाच तास टिकला तर दूध उत्तम. अर्ध्या तासात पांढरं पडलं तर काही खरं नाही. कॅन परत करताना होणारी वादावादी हा त्या नोकरीचा निम्मा भाग. “आत्ताच काढलंय की ओ साहेब!” आणि इकडं नळीत कण्या तरंगताहेत.

या सगळ्या परीक्षा आंबवणाऱ्या जंतूंच्या. उबेत वाढणाऱ्या, आम्ल करणाऱ्या, वास सोडणाऱ्या. त्या परीक्षांमध्ये खोट काढण्यासारखं काही नाही, उष्ण गावात त्यांनी लाखो लोकांचं दूध सांभाळलंय. पण एक जंतू असा आहे की तो नाकाला कळत नाही, सी.ओ.बी.त दिसत नाही आणि एमबीआरटीची नळीही त्याच्याबद्दल काही सांगू शकत नाही.

लिस्टेरिया मोनोसायटोजिन्स. १९२६ साली केंब्रिजच्या एका प्रयोगशाळेत पाळलेले ससे अचानक मरू लागले, त्याच्या तपासात त्याचं पहिलं रीतसर वर्णन झालं. शस्त्रक्रियेत जंतुनाशक वापरण्याची पद्धत आणणाऱ्या जोसेफ लिस्टर यांच्यावरून ‘लिस्टेरिया’ हे आजचं नाव ठरलं ते पुढं, १९४० मध्ये. मातीत, कुजक्या पाल्यात, शेणात, ओढ्या-नाल्याच्या पाण्यात तो असतोच. उबेत इतर जंतूंसारखा तोही झपाट्यानं वाढतो. पण फ्रिजमधल्या ४ अंशांतही त्याचं काम बंद पडत नाही. शून्याच्या आसपाससुद्धा तो रेटत राहतो. बर्फाच्या कप्प्यात वाढ थांबते, मरत मात्र नाही. दहा टक्के मिठाचं पाणीही तो सहन करतो. आणि एवढं करून अन्नाचा रंग, वास, चव काही म्हणजे काही बदलेलच असं नाही.

चार अंशांना तो साधारण दीड दिवसात दुप्पट होतो. ऐकायला हे अगदी रखडत चालल्यासारखं वाटतं. हिशेब करून बघा. पंधरा दिवसांत दहा वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे हजार. तेवढ्या काळात बाकीचे बरेचसे जंतू थंडीनं गारठलेले असतात, त्यामुळं याला मैदान मोकळं.

हे सगळं मला नोकरीत कागदावर माहीत होतं. दुग्धपदार्थांच्या तपासणीच्या तक्त्यात लिस्टेरियाची ओळ असते, तिच्यापुढं ‘२५ ग्रॅममध्ये अनुपस्थित’ असं लिहिलेलं असतं. नमुने बाहेरच्या लॅबला जायचे, अहवाल यायचा, फायलीला लागायचा. घरात या जंतूचं नाव निघालं ते लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा. ऐन मे महिना. तिच्या पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी बरोबर एक कागद दिला होता. कच्चं दूध नको, मऊ चीज नको, मोड आलेली कच्ची कडधान्यं नकोत, कापून ठेवलेली फळं नकोत, फ्रिजमधलं शिळं थंड खाऊ नये. हिनं, म्हणजे माझ्या बायकोनं, चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला आणि टेबलावर ठेवला.

“मग पोरीनं खायचं काय? आम्ही काय डॉक्टरांना विचारून बाळंत झालो?”

हिचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. हिच्या वेळी आमच्याकडं फ्रिजच नव्हता. त्या काळात जे नासायचं ते दुपारपर्यंत नासायचं आणि फेकलं जायचं. बाकीचं पोटात जाण्याआधी चुलीवरून जायचं. ७२ अंशांना पंधरा सेकंद एवढ्या पाश्चरायझेशनमध्ये लिस्टेरिया मरतो, मग दूध उतू जाईस्तोवर तापवणाऱ्या घरात त्याचा काय पाड लागणार? शिळं हा प्रकार एका रात्रीपुरता होता. त्या स्वयंपाकघराला हा कागद खरंच लागत नव्हता. आताच्या स्वयंपाकघराला लागतो, कारण मधल्या काळात आमच्या घरात थंडी आली.

सोलापूरकराचं फ्रिजवर प्रेम किती, हे थंड हवेच्या गावातल्या माणसाला कळायचं नाही. पहिला १६५ लिटरचा फ्रिज आला तेव्हा त्याला हळदकुंकू लागलं होतं, वर क्रोशाचा रुमाल टाकला होता, आणि गल्लीतली मुलं बर्फ मागायला वाटी घेऊन यायची. फ्रिजमध्ये ठेवलं म्हणजे ते पदार्थाचं वय तिथंच थांबलं, अशी श्रद्धा तेव्हापासूनची. फ्रिज वय थांबवत नाही, फक्त वेग कमी करतो, आणि सगळ्यांचा सारखा कमी करत नाही. आंबवणारे मागं पडतात आणि हा पुढं सरकतो. म्हणजे नासण्याची वर्दी देणारेच गप्प बसतात.

आमच्या फ्रिजमधलं सायीचं भांडं घ्या. बहुतेक मराठी घरांत ते असतं. स्टीलचा डबा, काठाला वाळून पिवळट पापुद्रा धरलेला. रोज सकाळी तापवलेल्या दुधावरची साय चमच्यानं काढायची आणि आदल्या दिवसाच्या सायीवर घालायची. सायीत साय, असे दहा-पंधरा दिवस. मग विरजण लावायचं, घुसळायचं, वर आलेला लोण्याचा गोळा तीन पाण्यांनी धुवायचा आणि कढवायचा. कढवलेल्या तुपाबद्दल माझी काही तक्रार नाही. बेरी तांबूस होईस्तोवर ते १०० अंशांच्या वर गेलेलं असतं, तिथं कुठलाही लिस्टेरिया टिकत नाही. प्रश्न मधल्या टप्प्याचा. साय येते उकळलेल्या दुधावरूनच, पण रोज चमचा जातो, झाकण निघतं, शेजारी कोथिंबिरीची मातीसकट जुडी असते, खालच्या कप्प्यात मटणाची पिशवी गळत असते. एखादा जंतू पडायला तेवढं पुरतं, आणि पडल्यावर पुढचे पंधरा दिवस त्याच्या सोयीचे. मग कढवण्याआधी त्या गोळ्यातलं लोणी गरम भाकरीवर ठेवून कुणाला देतात? घरातल्या गर्भारशीला. लोणी खाल्लं की बाळंतपण सुलभ होतं, असं आत्या म्हणतात.

आत्यांशी वाद घालून आजवर घरात कुणी जिंकलेलं नाही. मी एवढंच केलं की लेकीला लोण्याऐवजी त्याच गोळ्याचं साजूक तूप द्यायचं ठरलं, आणि साय दर चार-पाच दिवसांनी लावायची. तूप थोडं थोडं निघतं म्हणून ही अजून कुरकुरते. थोडं थोडं तूप कढवण्यात गॅस जातो, हे तिचं म्हणणं बरोबर आहे.

लिस्टेरिया अन्नातून माणसात येतो हे जगाला नीट कळलं तेच मुळी १९८१ मध्ये, कॅनडाच्या नोव्हा स्कॉशिया भागात. एकामागून एक गर्भपात, मृत अर्भकं, जन्मताच आजारी बाळं. रुग्ण ४१, त्यातले ३४ गर्भवती किंवा नवजात. शोधत शोधत तपास पोचला कोलस्लॉपर्यंत, म्हणजे कच्च्या कोबीच्या किसापर्यंत. ज्या शेतकऱ्याचा कोबी होता त्याच्याकडं मेंढ्या होत्या, त्यातल्या काही याच रोगानं मेल्या होत्या, आणि त्यांचं न कुजलेलं खत कोबीच्या शेतात पडलं होतं. पुढं तो कोबी थंडीत साठवून ठेवला. साठवणीत तो काही सडला नाही. त्याच्यावरचा लिस्टेरिया मात्र वाढला.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोळ्यांपुढं कॅनडा आलं नाही, आपली पड शेतं आली. आपल्याकडं धनगर मेंढ्या घेऊन येतात, शेतकरी रानात चार रात्री मेंढ्या बसवतो, त्याबद्दल ज्वारी देतो, पैसे देतो. लेंडीखतासारखं खत नाही, आणि ही रीत मोडावी असं मला अजिबात वाटत नाही. पेरणीआधी बसवलेल्या मेंढ्या आणि मग चार महिन्यांनी निघणारी, शिजवून खायची ज्वारी, यात भ्यायचं काय? पण त्याच रानात लगेच पालेभाजी, कोथिंबीर, काकडी, मुळा घेतला आणि तो कच्चाच ताटात आला, तर गोष्ट वेगळी. खत नीट कुजवून घालणं हा यावरचा उपाय शेतकऱ्याला माहीत आहे. तो करायला त्याला सवड आणि जागा असते का, हा मुद्दा निराळा.

जनावरांच्या अंगानं हा जंतू आपल्या जिल्ह्याला तसा अनोळखी नाहीच. मुरघास आता सांगोला-माढ्याकडं गोठ्यागोठ्यात दिसतो. मका कापून, दाबून, हवा न लागू देता प्लॅस्टिकच्या बॅगेत भरायचा. नीट आंबला की आंबटगोड वास येतो आणि आम्लपणामुळं लिस्टेरियाला तिथं वाढता येत नाही. बॅग उंदरानं कुरतडली, कोपऱ्याला हवा लागली, की तेवढ्या भागात बुरशी धरते, आम्लपणा उतरतो, आणि तिथं हा बसतो. असा चारा खाल्लेली मेंढी किंवा शेळी कधी कधी एकाच बाजूनं गोल गोल फिरत राहते. एक कान लोंबतो, अर्धा जबडा लुळा पडतो, लाळ गळते. मेंदूत पट्टकृमीची गाठ झाली तरी मेंढी अशीच फिरते, त्यामुळं नुसतं बघून ठरवू नये, असं आमचे पशुवैद्यक मित्र दर वेळी बजावतात. आजारी जनावराच्या दुधातूनही जंतू येऊ शकतो. म्हणून ‘गोठ्यातलं धारोष्ण दूध’ या प्रकाराबद्दल डेअरीतल्या कुठल्याही माणसाला विचारा, तो तोंड वाकडं करील. डॉकवर काय काय येतं ते त्यानं पाहिलेलं असतं.

अमेरिकेत १९८५ मध्ये लॉस एंजेलिसच्या परिसरात मेक्सिकन पद्धतीच्या मऊ चीजमधून १४२ जण आजारी पडले, ४८ दगावले. त्यात ३० गर्भ आणि नवजात बाळं होती. चीजसाठी वापरलेल्या दुधात न तापवलेलं दूध मिसळलं गेल्याचा पुरावा तपासात पुढं आला. २०११ मध्ये कोलोरॅडोतल्या एका शेतातल्या खरबुजांनी १४७ जण आजारी, ३३ मृत्यू. खरबुजाची साल जाळीदार, खडबडीत. पॅकिंगच्या शेडमध्ये फरशीवर साचलेलं पाणी, स्वच्छ करायला अवघड अशी यंत्रं. जंतू सालीवर होता, सुरी सालीतून आत गेली आणि गरावर तो पोचला. आपल्याकडं उन्हाळ्यात रस्त्याकडेला खरबुजांचे ढीग लागतात, आपण ते सुगंधावरून निवडतो, आणि घरी आणून सरळ कापतो. कापण्याआधी वाहत्या पाण्याखाली ब्रशनं घासून कोरडं पुसायचं, एवढंच करायचं असतं. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात ‘वाहत्या पाण्याखाली’ हे शब्द वाचून मला हसू आलं होतं. आम्ही तांब्यानं पाणी ओततो आणि घासतो. चालतं.

सगळ्यात मोठा उद्रेक दक्षिण आफ्रिकेतला. २०१७ आणि २०१८ मध्ये १,०६० रुग्ण आणि २१६ मृत्यू. रुग्णांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जेमतेम महिन्याच्या आतली बाळं. महिनोन्महिने स्रोत सापडत नव्हता. आजारी माणसाला विचारायचं, तुम्ही काय खाल्लं होतं? पण लिस्टेरियाची बाधा होऊन आजार दिसायला काही दिवसांपासून दोन-अडीच महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो. परवाच्या मंगळवारी काय जेवलो ते आपल्याला आठवत नाही, तर दोन महिन्यांपूर्वीचं कोण सांगणार? जानेवारी २०१८ मध्ये सोवेटोतल्या एका पाळणाघरातली नऊ लहान मुलं उलट्या-जुलाबानं जोहान्सबर्गच्या ख्रिस हानी बारग्वानाथ रुग्णालयात आली. डॉक्टरांना शंका आली. आरोग्य अधिकारी पाळणाघरात गेले आणि त्यांनी तिथला फ्रिज उघडला. आत पोलोनी होती, म्हणजे मांसाचं तयार, स्वस्त, कापून पावात घालायचं सॉसेज. त्या पोलोनीत लिस्टेरिया सापडला आणि धागा पोलोक्वाने शहरातल्या कारखान्यापर्यंत गेला. ४ मार्च २०१८ रोजी तिथल्या आरोग्यमंत्र्यांनी ते जाहीर केलं. पोलोनी गरिबांचं अन्न. शिजवलेलंच असतं, म्हणून कुणी पुन्हा शिजवत नाही. कारखान्यात शिजल्यानंतर आणि पाकीटबंद होण्याआधी मधे जी जागा असते, तिथंच सगळा घोटाळा होतो.

ती मधली जागा मी ओळखतो. डेअरीत पाश्चरायझरच्या पुढं लिस्टेरिया जिवंत जात नाही. पण पाश्चरायझरनंतर कोल्ड रूम असते, तिची ओली फरशी असते, फरशीच्या कडेची गटार असते, कन्व्हेयरचे रोलर असतात, रबरी गास्केट असतात. तिथं हा जंतू चिकट थर करून बसतो आणि साध्या धुण्यानं निघत नाही. गटारीवर जोरात पाइप मारणाऱ्या नव्या पोराला आमचे मुकादम शिव्या द्यायचे, कारण उडालेले तुषार पनीरच्या ट्रेपर्यंत जातात. मुकादमांना लिस्टेरियाचं नाव ठाऊक नव्हतं. गटारीचं पाणी पनीरकडं जाऊ नये एवढं ठाऊक होतं, आणि ते पुरेसं होतं.

धडधाकट माणसाला याचा फारसा त्रास होत नाही. थोडी कणकण, जुलाब, संपलं. खरा धोका गर्भवतींना, नवजातांना, पासष्टीच्या पुढच्यांना, आणि मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार, कर्करोगाचे उपचार, स्टेरॉइडच्या गोळ्या यांमुळं प्रतिकारशक्ती खचलेल्यांना. गर्भवतींना तो इतरांपेक्षा किमान दहापटीनं जास्त. आतड्यातून हा जंतू रक्तात शिरतो, आपल्याच पेशींच्या आत राहून एका पेशीतून थेट दुसरीत सरकतो, आणि वारेची भिंत ओलांडून बाळापर्यंत पोचतो. रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात गेलेला आजार उपचार करूनही शंभरातल्या वीस ते तीस जणांचा जीव घेतो. अन्नातून येणाऱ्या रोगांत एवढा घातक क्वचितच दुसरा असेल. सुदैवानं तो होतोही क्वचितच.

आईला मात्र बहुधा एवढंच होतं: दोन दिवस ताप, अंगदुखी, पाठ दुखते. उन्हाळ्यात आपण म्हणतो ऊन बाधलं. ताप उतरतो, आणि नंतर बाळाचं काहीतरी होतं. रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी, कुणी केलेलं नसतं, त्यामुळं कारण कागदावर येतच नाही. आपल्याकडं या रोगाचं नाव फारसं ऐकू येत नाही त्याचं एक कारण हेही.

अशा वेळी घरात काय चालतं ते मी पाहिलंय. पपई खाल्ली होती का? ग्रहणात सुरी हातात धरली होती का? माळ्यावरचं पातेलं कुणी काढायला सांगितलं होतं तिला? आठ-आठ दिवस ही चौकशी चालते आणि प्रत्येक प्रश्नाचं टोक त्या बाईकडं असतं. पहिल्या तीन महिन्यांतले बहुतेक गर्भपात गर्भातल्या गुणसूत्रांच्या दोषामुळं होतात, त्यात तिनं काही केलेलं नसतं आणि काही टाळताही आलं नसतं. लिस्टेरिया हे त्यातलं फार थोड्या वेळचं कारण. पण ज्या थोड्या वेळा ते असतं, तेव्हासुद्धा पपईवर खटला चालतो आणि पंधरा दिवसांचं लोणी साक्षीलाही येत नाही. मला या गोष्टीचा राग येतो. ग्रहण पाळायला लावणाऱ्या घरात फ्रिज आतून शेवटचा कधी पुसला, हे कुणाला सांगता येत नाही.

लेकीच्या डोहाळजेवणाला केटरर होते. फळांचे तुकडे सकाळी नऊला कापून, वर प्लॅस्टिक ओढून, थर्माकोलच्या पेटीत बर्फावर ठेवलेले. कार्यक्रम संध्याकाळी पाचचा. मी लेकीला म्हटलं, तू आंबा घे, समोर कापून देतो. “अहो बाबा, सगळे बघताहेत,” म्हणाली, पण आंबा घेतला. मटकीची कोशिंबीर मोड आलेली, कच्ची, वर खोबरं-कोथिंबीर पेरलेली. पौष्टिक म्हणून खास तिच्यासाठी केलेली. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते तीच जंतूंनाही लागते, आणि दाण्याच्या आत शिरलेला जंतू धुऊन जात नाही. तिची आम्ही रात्री उसळ केली. सगळ्यांनीच खाल्ली, छान झाली होती.

कागदावरची यादी वाचून घाबरायला होतं, पण ती सोलापुरी ताटाला लावून बघितली तर फार काही हातचं जात नाही. गरम भाकरी, पिठलं, आमटी, शेंगाची चटणी, वांग्याची भाजी, तापवलेलं दूध, घरी नुकतंच लावलेलं दही, ताजं कापलेलं फळ. सुटतं ते थंड आणि तयार. सँडविचमधलं चीज, हॉटेलातलं आधीच कापून ठेवलेलं सॅलड, मिठाईच्या काचेत कधीची आहे ते न कळणारी मलई, पाकीट फोडून तसंच खाल्लेलं फ्रोझन काहीतरी. फ्रोझन म्हणजे निर्जंतुक असा एक समज आहे; २०१८ मध्ये युरोपात फ्रोझन मक्याच्या दाण्यांमधून लिस्टेरिया पसरल्याचं उघड झालं. दाणे उकळून घेतले असते तर प्रश्नच नव्हता. फ्रिजमधली कालची भाजी खायला हरकत नाही, पण ती वाफा येईस्तोवर, मधोमध तापली पाहिजे. कोमट केलेलं कामाचं नाही. आणि फ्रिजमध्ये जंतू वाढतो म्हणून अन्न ओट्यावर ठेवायचं, असं कुणी मनात आणू नये. बाहेर हा आणखी जोरात वाढतो आणि बाकीचे सोबतीला असतात.

फ्रिजचं तापमान पाचच्या खाली असावं. आमचा किती आहे हे बघायला मी एक साधा थर्मामीटर पाण्याच्या पेल्यात बुडवून रात्रभर ठेवला. मागच्या बाजूला ४, दारात ११. दार दिवसभर उघडत-मिटत असतं, त्यात मेमध्ये दुपारी वीज जाते. दुधाची पिशवी आम्ही कुठं ठेवत होतो, तर दारात, कारण कंपनीनंच तिथं कप्पा दिलाय. आता दारात लोणचं, सॉस आणि आत्यांच्या डोळ्यांचे थेंब असतात.

परवा लेकीच्या मैत्रिणीचा फोन आला. पाचवा महिना. “काका, काल ऑफिसच्या पार्टीत ते पांढरं मऊ चीज खाल्लं मी, थंडच होतं. आता तपासणी करू का?” मी डॉक्टर नाही, तिच्या डॉक्टरांना विचार म्हणालो, आणि मला माहीत होतं ते सांगितलं. काही होत नसेल तर नुसतं खाल्लं म्हणून तपासणी सहसा करत नाहीत. पण पुढचे दोन महिने ताप आला, अंग मोडून आलं, तर अंगावर काढायचा नाही. त्याच दिवशी जायचं आणि चीज खाल्ल्याचं आपणहून सांगायचं, कारण डॉक्टर तेवढं मागचं विचारतीलच असं नाही. रक्ताचं कल्चर पाठवता येतं. अँपिसिलिननं हा जंतू आटोक्यात येतो. एरवी तापात सर्रास दिल्या जाणाऱ्या सेफॅलोस्पोरिन गटातल्या औषधांना तो जुमानत नाही. म्हणून नाव घेतलेलं बरं.

तिनं सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, “आणि काका, कुल्फी?”

आता हिला काय सांगायचं? दूध आटवून आटवून केलेली कुल्फी, त्या कढईतून लिस्टेरिया जिवंत निघणं शक्य नाही. पण पुढं साचे, काड्या, हात, बर्फाची पेटी. अमेरिकेत २०१५ मध्ये एका मोठ्या, जुन्या कंपनीच्या आइस्क्रीममुळं दहा जण आजारी पडले, तीन गेले. त्यातल्या काहींना रुग्णालयात त्याचाच मिल्कशेक दिला गेला होता. तिथं तर यंत्रं होती, तपासनीस होते. आमच्या चौकातल्या कुल्फीवाल्याची कुल्फी उत्तम असते, मी स्वतः खातो. पण मी पाच महिन्यांचा गर्भार नाही.

घरी कर म्हणालो, धुतलेल्या साच्यात. नाहीतर बाळंतपण होऊ दे, मग चौकातल्या दोन खा.